चार सूत्रं, चार बबल पॉइंट: खरा कोणता मानायचा?

प्रश्न थोडक्यात असा: तेलाची विहीर सुरू होऊन १४ महिने झाले, पीव्हीटी रिपोर्ट (दाब, आकारमान आणि तापमान बदलून केलेली तेलाच्या नमुन्याची प्रयोगशाळेतली तपासणी) नाही. सेपरेटरवर (तेल आणि गॅस वेगळे करणाऱ्या टाकीवर) मोजलेला जीओआर, म्हणजे तेलामागे निघणाऱ्या गॅसचं प्रमाण, ४४० घनफूट प्रति बॅरल, गॅसची सापेक्ष घनता ०.८०, तेल ३५ एपीआय (आकडा जितका मोठा तितकं तेल हलकं), तळाचं तापमान २२० अंश फॅरनहाइट. स्टँडिंगच्या सूत्राने बबल पॉइंट (तेलातून गॅस सुटायला लागतो तो दाब) १,९५७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) येतो, वाझ्केझ-बेग्जने २,१४८, ग्लासोने २,१५४, अल-मरहूनने २,१८०. सुरुवातीचा स्टॅटिक दाब (विहीर बंद ठेवून मोजलेला साठ्याचा दाब) २,६४० होता, आता २,३१० आहे. विहीर वाहत असताना तळाचा दाब २,१२०. जीओआर अजून हललेला नाही. तीन सूत्रं जवळजवळ एकच आकडा देतात, तेव्हा स्टँडिंग सोडून २,१६० धरावा का?

नका धरू. तुमची आकडेमोड बरोबर आहे, मी चारही पुन्हा करून पाहिले. अडचण सूत्रांत शिरण्याआधीची आहे. तुम्ही लिहिलंय, ‘सेपरेटरवर मोजलेला’. सेपरेटरमधून निघालेलं तेल पुढे स्टॉक टँकमध्ये जातं, तिथे वातावरणाच्या दाबाला आल्यावर त्यातून आणखी गॅस निघतो आणि बहुतेक ठिकाणी तो व्हेंटमधून निघून जातो. त्याला मीटर नसतो, त्यामुळे तो कुणाच्या रोजच्या अहवालात येत नाही. पण जमिनीखाली तो गॅससुद्धा त्याच तेलात विरघळलेला होता. बबल पॉइंट ठरतो तो सगळ्या गॅसवर, मीटरमधून गेलेल्या गॅसवर नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. साठ्याच्या तापमानाला दाब कमी करत गेलं की ज्या दाबाला तेलातून गॅसचा पहिला बुडबुडा सुटतो तो बबल पॉइंट. गोटी सोड्याची गोटी आत दाबली की बाटलीत जे होतं तेच खडकाच्या छिद्रांत होतं. फरक इतकाच की तिथे सुटलेला गॅस तेलापेक्षा कितीतरी सहज वाहतो. तो आधी निसटतो, मागे राहिलेलं तेल घट्ट होतं आणि साठ्याची तेल ढकलायची ताकद गॅसबरोबर निघून जाते. म्हणून हा आकडा १०० पीएसआयने चुकला तरी दाब टिकवायला साठ्यात पाणी कधी भरायचं, पंप किती खोल बसवायचा, साठ्यात तेल किती, या सगळ्या हिशोबांत ती चूक उतरते.

आता स्टॉक टँकच्या गॅसचं. तो मोजलेला नसला तरी अंदाज करता येतो. व्हाल्को आणि मॅकेन यांनी २००३ मध्ये यासाठी एक चांगली पद्धत दिली. सेपरेटरचा दाब, सेपरेटरचं तापमान आणि तेलाचा एपीआय एवढ्यावर टँकमध्ये सुटणारा गॅस काढता येतो. सेपरेटरचीही नोंद नसेल तर सेपरेटर जीओआरमध्ये सरासरी १६ टक्के मिळवा असं ते सांगतात. तुमचे ४४० त्या हिशोबाने सुमारे ५१० होतात. मी जरा हात राखून ६० मिळवतो, म्हणजे एकूण ५००. टँकचा गॅस जड असतो, कारण प्रोपेन, ब्युटेन आणि त्यापुढचे घटक त्यात जास्त. त्याची सापेक्ष घनता १.२० धरली तर दोन्ही गॅसची मिळून सरासरी ०.८४८ येते.

या आकड्यांवर तीच चार सूत्रं पुन्हा चालवा. स्टँडिंग १,९५७ वरून २,०७५ वर जातं. ग्लासो २,२९० देतं. वाझ्केझ-बेग्ज सेपरेटरच्याच गॅसची घनता मागतं, म्हणून तिथे ०.८० ठेवली, आकडा आला २,३९०. आणि अल-मरहून चक्क खाली येतं, २,१४०. तुमच्या हिशोबात तीन सूत्रं ३२ पीएसआयच्या आत उभी होती. माहिती दुरुस्त केल्याबरोबर तीच तीन २५० पीएसआयमध्ये पसरली. म्हणजे ती जवळ आली होती तो निव्वळ योगायोग होता. बबल पॉइंट बहुमताने ठरत नाही, हे मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगत आलोय. सूत्रं एकमेकांशी जुळली म्हणजे ती तुमच्या तेलाशी जुळली असं होत नाही.

ती अशी का वागतात ते एकदा हाताने करून पाहिलं की कळतं. स्टँडिंगचं सूत्र घ्या. गॅसचं प्रमाण घनतेने भागा, ४४० भागिले ०.८० म्हणजे ५५०. त्याचा ०.८३ वा घात घ्या, साधारण १८८ येतात. दुसरीकडे तापमानाला ०.०००९१ ने गुणा आणि त्यातून एपीआयला ०.०१२५ ने गुणून आलेला आकडा वजा करा: ०.२००२ वजा ०.४३७५, म्हणजे उणे ०.२३७३. दहाचा तेवढा घात ०.५७९. दोन्हींचा गुणाकार १०९, त्यातून १.४ काढले की १०७.५, आणि त्याला १८.२ ने गुणलं की १,९५७. यात गॅसची घनता ०.८३ घाताने भागाकारात आहे. अल-मरहूनमध्ये तीच घनता जवळपास १.८८ घाताने भागाकारात बसते. जड गॅस तेलात सहज मुरतो, त्याला विरघळून राहायला कमी दाब पुरतो, हे दोघांनाही मान्य आहे. पण अल-मरहून त्याला दुपटीहून जास्त वजन देतं. म्हणून टँकचा जड गॅस मिळवल्यावर एक सूत्र वर गेलं आणि एक खाली.

हे वजन आलं कुठून? ज्या तेलांवर सूत्र बेतलं त्यांतून. मार्शल स्टँडिंग यांनी १९४७ मध्ये कॅलिफोर्नियाची २२ तेलं घेतली, १०५ मोजमापं, आणि त्यांवर सरासरी ४.८ टक्के चूक राहिली. संगणक नसलेल्या काळात आलेखाच्या कागदावर बसवलेलं ते काम आजही टिकून आहे, याचा मला मनापासून आदर वाटतो. ग्लासो यांनी १९८० मध्ये उत्तर समुद्रातली तेलं घेतली, अल-मरहून यांनी १९८८ मध्ये मध्यपूर्वेतली. वाझ्केझ आणि बेग्ज यांनी जगभरची हजारो मोजमापं घेऊन ३० एपीआयवर दोन गट पाडले. तेव्हा कोणतं सूत्र श्रेष्ठ हा वाद घालण्यापेक्षा आपलं तेल कुणाच्या तेलासारखं आहे ते विचारा. त्याच खोऱ्यात, त्याच थरात शेजारच्या क्षेत्राचे तीन-चार पीव्हीटी रिपोर्ट मिळाले तर कोणतं सूत्र तिथे बसतं ते आधी तपासा आणि मगच आपल्या विहिरीला लावा. मी सूत्र निवडतो ते फक्त याच पद्धतीने. असे रिपोर्ट नसतील तर चारही चालवतो आणि पसारा जसा आहे तसा कागदावर ठेवतो. सरासरी काढून तो झाकत नाही.

तुमच्याकडच्या बाकी माहितीकडेही जरा संशयाने बघा. गॅसची घनता ०.८० म्हणालात, ती कुठल्या नमुन्यावरची? समजा एकूण गॅस ५०० धरला, तर घनता ०.८० असताना स्टँडिंग २,१८० देतं आणि ०.७० केली की २,४४०. एका दशांशाने २६० पीएसआय! गॅसचा नमुना दुपारच्या उन्हात तापलेल्या सेपरेटरवरून घेतला की पहाटे, यानेही घनता बदलते. तापमान तुलनेने कमी त्रास देतं, २० अंश फॅरनहाइटला ९० पीएसआयच्या आसपास. तरीही ते लॉगच्या (विहिरीत उपकरण सोडून केलेल्या मोजणीच्या) शीर्षकावरून उचललेलं असेल तर सावध राहा. ड्रिलिंगच्या चिखलाने विहीर थंड झालेली असते, तिथला आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो. गॅसमध्ये नायट्रोजन असेल तर खरा बबल पॉइंट सूत्रापेक्षा वर असतो, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड त्याला खाली ओढतात. ग्लासो यांनी या तिन्हींसाठी दुरुस्त्या दिल्या आहेत, त्या वापरा.

एककांचंही सांगतो, कारण ही चूक मी दरवर्षी कुणाच्या तरी एक्सेलमध्ये पकडतो. आपल्याकडे नोंदी घनमीटर प्रति घनमीटर, सेल्सिअस आणि किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतात. घनमीटर प्रति घनमीटरला ५.६१५ ने गुणलं की घनफूट प्रति बॅरल मिळतात. तुमचे ५०० म्हणजे ८९. स्टँडिंग आणि ग्लासोला तापमान फॅरनहाइटमध्ये लागतं, अल-मरहूनला रँकिनमध्ये (फॅरनहाइट अधिक ४६०). तिथे फॅरनहाइट भरलं तर आकडा कोसळतो आणि चूक लगेच दिसते. गेज दाब आणि निरपेक्ष दाब यांतला १४.७ चा घोळ मात्र दिसत नाही, तो मुकाट्याने आत राहतो.

आता मुख्य साक्षीदाराकडे वळू, म्हणजे तुमच्या विहिरीकडे.

पहिला प्रश्न, साठ्यावर गॅस कॅप, म्हणजे तेलाच्या वर साचलेला मोकळा गॅस, आहे का? असेल तर सूत्रांची गरज जवळपास संपते. जिथे गॅस आणि तेल एकमेकांना टेकून लाखो वर्षं बसलेत, त्या पातळीवरचं तेल गॅसने भरलेलंच असणार. म्हणजे त्या पातळीवरचा मूळ दाब हाच तिथला बबल पॉइंट. मुंबई हाय हे जवळचं उदाहरण. १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि तिथल्या एल-३ या मुख्य चुनखडकाच्या थरात तेलावर गॅस कॅप आहे. अशा ठिकाणी मी आधी दाब-खोलीचा आलेख काढतो, गॅसची रेघ आणि तेलाची रेघ जिथे छेदतात तिथला दाब वाचतो, आणि सूत्रांचे आकडे त्या दाबाशी ताडतो. एक लक्षात ठेवायचं: त्या पातळीपासून खाली जाल तसा साठ्याचा दाब वाढतो, पण बबल पॉइंट वाढत नाही. जाड थरात तो उलट कमी होत जातो.

तुम्ही गॅस कॅपचा उल्लेख केलेला नाही, म्हणजे ती नाही असं धरतो. मग जीओआर आणि दाबाचा इतिहास पाहायचा. २,६४० वरून २,३१० म्हणजे १४ महिन्यांत ३३० पीएसआय, दरमहा साधारण २३ ते २४. आतापर्यंतचं एकूण उत्पादन आडव्या अक्षावर आणि स्टॅटिक दाब उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. बबल पॉइंटच्या वर असेपर्यंत साठा फक्त तेल, पाणी आणि खडक यांच्या प्रसरणावर चालतो, ते फार थोडं असतं, म्हणून दाब भराभर आणि सरळ रेषेत उतरतो. बबल पॉइंट ओलांडला की सुटलेला गॅस प्रसरण पावून साठ्याला आधार देतो आणि उतार मंदावतो. तुमचे बिंदू अजून सरळ रेषेत असतील आणि जीओआरही स्थिर असेल, तर साठ्याचा मोठा भाग अजून बबल पॉइंटच्या वर आहे. म्हणजे बबल पॉइंट २,३१० च्या फार वर असणं कठीण. वाझ्केझ-बेग्जचे २,३९० इथे अडखळतात.

‘फार वर असणं कठीण’ असं मोजून-मापून म्हणतोय. बबल पॉइंट ओलांडल्यावर लगेच जीओआर चढत नाही. सुरुवातीला सुटलेले बुडबुडे छिद्रांत अडकून बसतात, जोडून वाट तयार होईपर्यंत वाहत नाहीत. त्या थोड्या काळात जीओआर किंचित उतरतोसुद्धा, कारण तेलात आता कमी गॅस उरलाय. हा उतार पाहून ‘विहीर सुधारली’ असं म्हणणारे मी पाहिलेत. तुमच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या नोंदी पुन्हा बघा. ४४० चे ४३० झालेत का? झाले असतील तर मला त्याची स्थिर जीओआरपेक्षा जास्त काळजी वाटेल.

स्टॅटिक दाब बाजूला ठेवला तरी वाहताना तळाचा दाब २,१२० आहे. माझ्या अंदाजाने विहिरीच्या तळाशी, भोवतालच्या खडकात काही मीटरच्या घेऱ्यात, गॅस सुटायला लागलाही असेल. त्याने साठ्याचा हिशोब बिघडत नाही, पण नमुना घेणं मात्र बिघडतं.

नमुना घ्यावाच लागेल. सूत्रं आणि इतिहास मिळून मी तुम्हाला फार तर २,०७५ ते २,३०० अशी पट्टी देऊ शकतो. कामापुरता २,२०० धरा, पण १५० वर-खाली लिहूनच. नेमका आकडा प्रयोगशाळेतल्या सेलमधूनच येतो. तिथे काय होतं ते एकदा पाहून या, मग या आकड्याकडे बघण्याची नजर बदलते. समजा ६० घनसेंटिमीटर तेल २२० अंशांना तापवलेल्या सेलमध्ये घेतलं, दाब साठ्याच्या वर नेला आणि २०० पीएसआयच्या पायऱ्यांनी उतरवत आणला. वरच्या पायऱ्यांवर आकारमान जेमतेम ०.१ ते ०.२ घनसेंटिमीटरने वाढतं, डोळ्यांना काही कळत नाही. बबल पॉइंटखालच्या पहिल्याच पायरीला ते दोनेक घनसेंटिमीटर उडी घेतं. वरच्या बिंदूंची एक रेघ, खालच्या बिंदूंची दुसरी, दोन्ही छेदतात तिथे बबल पॉइंट. प्रत्येक पायरीला सेल हलवून, ढवळून दाब स्थिरावू द्यावा लागतो. ढवळलं नाही तर गॅस तेलातच अडून राहतो, उशिरा सुटतो आणि आकडा खोटा कमी येतो. तपासणीसाठी खालच्या बिंदूंचं वाय-फंक्शन (दाब आणि आकारमान यांवरून काढलेलं एक गुणोत्तर) काढतात, ते दाबाबरोबर सरळ रेषेत यायला हवं. वाकलं तर एक तर बबल पॉइंट चुकीचा निवडलाय किंवा आकारमानं चुकीची आहेत. फार हलक्या, बाष्पशील तेलांत ही उडी गुळगुळीत होऊन जाते, तिथे काचेची खिडकी असलेला सेल आणि डोळे हेच खरे.

पण सेलमध्ये जे ओतलं तेच मोजलं जातं. एका मेणचट तेलाच्या विहिरीतून आम्ही तीन सिलिंडर भरून आणले होते. हिवाळ्याचे दिवस होते. दोन सिलिंडरांचे बबल पॉइंट एकमेकांशी जुळले, तिसऱ्याचा सुमारे ३०० पीएसआयने वेगळा आला. घाईत असलेल्या एका सहकाऱ्याने तिसरा बाद ठरवला. मी सिलिंडर उघडल्याची नोंदवही मागवली. पहिले दोन थंड असतानाच हलवले होते, मेण तळाशी आणि भिंतींना धरून बसलेलं होतं. सेलमध्ये आलेलं तेल पूर्ण विहिरीचं नव्हतंच. तिसरा रात्रभर हीटिंग जॅकेटमध्ये ठेवून, तासभर उलटसुलट करून मग ओतला होता. खरा तोच निघाला, आणि पुढचं सगळं काम त्यावर उभं राहिलं. बाडमेरच्या मंगला क्षेत्रासारखी तेलं, जी पाइपलाइन तापवल्याशिवाय वाहत नाहीत, त्यांचा नमुना न तापवता हलवायचा विचारही करू नये. तेव्हापासून रिपोर्टमधला बबल पॉइंट वाचण्याआधी मी सिलिंडर कोणत्या दाबाला उघडला, किती तापवला आणि किती वेळ हलवला हे वाचतो.

रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट शोधा. बबल पॉइंट आणि नमुना घेतानाचा तळाचा वाहता दाब जवळपास एकच असेल, तर तो तुमच्या साठ्याचा बबल पॉइंट नसण्याची शक्यता मोठी. तेल त्या दाबापर्यंत येताना जास्तीचा गॅस सोडून आलं, आणि मग प्रयोगशाळेने त्याच दाबाला पहिला बुडबुडा पाहिला. नमुन्यात तेलमिश्रित ड्रिलिंग चिखल उतरला असेल तरी आकडा कमी येतो, कारण त्या तेलात गॅस नसतो, ते नुसतं पातळ करतं.

सिम्युलेटरमध्ये पेंग-रॉबिन्सनचं समीकरण (तेलाच्या घटकांवरून त्याचं वर्तन काढणारं) लावून आकडा काढू का, असं कुणी सुचवेल. १९७६ चं ते समीकरण उत्तम आहे, मी रोज वापरतो. पण मोजलेल्या बबल पॉइंटशी जुळवून घेतल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नका. हेप्टेनपुढच्या सगळ्या जड घटकांचं सरासरी रेणुभार त्याला द्यावं लागतं, आणि त्या मोजमापातच १० टक्क्यांपर्यंत चूक राहू शकते.

तुमच्या हातात वेळ कमी आहे. माझा २,२०० चा अंदाज खरा ठरला तर स्टॅटिक दाबाला तिथे पोहोचायला चार-पाच महिने आहेत, २,३०० खरा ठरला तर आठ-पंधरा दिवस. त्यानंतर मूळ तेलाचा नमुना या विहिरीतून मिळणार नाही. म्हणून बॉटमहोल सॅम्पलरची (विहिरीच्या तळाशीच नमुना भरून घेणाऱ्या उपकरणाची) मागणी याच आठवड्यात घाला. नमुन्याआधी चोक (विहिरीचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) पायरीपायरीने लहान करत जा आणि तळाचा वाहता दाब २,३१० च्या शक्य तितका जवळ आणा, ३० ते ४० पीएसआयपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. त्या मंद प्रवाहाला जीओआर दोन-तीन दिवस स्थिर राहू द्या, म्हणजे तळाभोवती बिघडलेलं तेल वाहून जाईल आणि आतलं ताजं तेल येईल. मगच सॅम्पलर उतरवा. तीन नमुने घ्या आणि विहिरीवरच तिन्हींचे बबल पॉइंट तिथल्या तापमानाला ढोबळपणे तपासा. दोन ते तीन टक्क्यांत जुळले तर पाठवा, नाही जुळले तर सॅम्पलर परत खाली. त्याच दिवशी सेपरेटरचं तेल आणि गॅस वेगळे भरून ठेवा, आणि टँकच्या व्हेंटला तात्पुरता मीटर लावून तो ६० घनफुटांचा माझा अंदाज खरा की खोटा ते मला कळवा.